दोन महिने काम बंद: एका फ्रीलान्सरच्या सुट्टीचं प्रकरण

हे प्रकरण एका फ्रीलान्स व्हिडिओ एडिटरचं आहे. तिला नाव दिलेलं नाही, कारण ती एकच एक व्यक्ती नाही. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या बऱ्याच जणांच्या बाबतीत जे घडतं ते एका माणसाच्या वर्षभरात बसवून लिहिलं आहे. ज्या अभ्यासांचा उल्लेख पुढे येतो ते मात्र प्रत्यक्षातले आहेत.

थकून कोलमडायच्या बेतात आलेल्या माणसाने सुट्टी घ्यावी, हे कुणीही सांगेल. नोकरदाराला निदान अर्ज कुठे करायचा हे माहीत असतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७० च्या सनदेने वर्षाला किमान तीन आठवड्यांची भरपगारी रजा हा हक्क मानला, पण ती सनद नोकरीत असलेल्यांसाठी आहे. स्वतःचं काम स्वतः करणारा त्यात बसत नाही. त्याची रजा मंजूर करणारा, त्या काळातला पगार देणारा आणि परत आल्यावर साचलेलं काम उपसणारा, तिघेही तो स्वतःच. म्हणून त्याची सुट्टी फसते ती बहुतेक वेळा सुट्टीच्या आधी किंवा सुट्टीनंतर. मधले दिवस त्या मानाने सोपे असतात.

आधीची स्थिती

सात वर्षं ती घरून काम करत होती. कंपन्यांच्या प्रशिक्षणाचे व्हिडिओ, मुलाखती, ऑनलाइन कोर्स, अधूनमधून एखादा माहितीपट. नेहमीचे म्हणावेत असे सात-आठ क्लायंट होते. त्यांतल्या एकाकडून, कोर्स तयार करणाऱ्या एका संस्थेकडून, जवळजवळ निम्मं उत्पन्न यायचं. काम नाही म्हणून रिकामं बसायची वेळ तीन वर्षांत आली नव्हती. बाहेरून पाहणाऱ्याला तिचं छान चाललं होतं, आणि पैशांपुरतं ते खरंही होतं.

बिघडत गेलं ते हळूहळू. प्रोजेक्ट उघडून टाइमलाइनकडे बघत अर्धा-पाऊण तास जायचा आणि तेवढ्या वेळात एकही कट पडलेला नसायचा. पूर्वी नवं काम आलं की हुरूप यायचा. आता मेलच्या विषयात नव्या प्रोजेक्टचं नाव दिसलं की पोटात गोळा यायचा. एका क्लायंटने 'छान झालंय, फक्त शेवट जरा सैल वाटतो' एवढंच लिहिलं, तर ती दिवसभर धुमसत राहिली. मग एका कामात तिने आदल्याच्या आदली आवृत्ती फायनल म्हणून पाठवली. क्लायंटनेही न बघता ती लोकांसमोर ठेवली. चूक कुणाच्या लक्षातही आली नाही. तिच्या लक्षात आली, पण तिला त्याचं काहीच वाटलं नाही, आणि काहीच वाटत नाही याची मात्र चांगलीच धास्ती बसली.

या सगळ्याला तिने स्वतःशी दिलेलं नाव होतं आळस. उपाय म्हणून टायमर लावला, पहाटे उठायला सुरुवात केली, दिवसाचे तुकडे पाडून रंगीत तक्ता केला. फ्रीलान्सर लोकांची ही ठरलेली चाल आहे: अंगात त्राण नसलं की ते शिस्त वाढवतात. कारण शिस्त आपल्या हातात असते आणि फुकट असते. काही आठवडे ती चाललीही. मग एका सकाळी तक्ता समोर होता, खुर्ची होती, ती होती, आणि हात माऊसकडे जाईना.

सुट्टीचा विचार करण्याआधी तिने डॉक्टरांना दाखवलं, हे या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल. थायरॉइडची तक्रार, रक्तातलं हिमोग्लोबिन किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी असणं, झोपेत श्वास अडखळणं, यांतल्या कशानेही माणूस असाच गळून जातो, आणि त्यावर सुट्टी हा उपाय नाही. तिच्या तपासण्या ठीक आल्या. डॉक्टरांनी एक प्रश्न घोळवून घोळवून विचारला: काम सोडून बाकी गोष्टींत मन लागतं का? वाचन, मैत्रिणी, भाची घरी आली की होणारा दंगा, यात अजून लागत होतं. नैराश्यात ही गोडी बहुधा सगळीकडूनच ओसरते. पण ही सीमारेषा आपली आपण आखायची नसते, म्हणून समुपदेशकाकडेही दोन-तीनदा जाऊन ये असं डॉक्टरांनी सुचवलं आणि ती गेली. ज्याला कशातच रस उरलेला नाही, किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याचे विचार येतात, त्याने हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. क्लायंटना कळवणं, पैशांचा हिशेब, हे सगळं नंतर.

कामाने पार गळून जाण्याच्या या अवस्थेला बर्नआउट म्हणतात. हा शब्द या अर्थाने रुळवला तो हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, १९७४ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मंजूर केली, तेव्हा बर्नआउटची नोंद कामाशी निगडित घटना म्हणून घेतली, आजार म्हणून नाही. तिथे त्याच्या तीन खुणा दिल्या आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मनाने तुटणं किंवा त्याविषयी कडवट होणं, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटू लागणं. मूळ कारण म्हणून दीर्घकाळ साचलेला आणि आटोक्यात न आलेला कामाचा ताण सांगितला आहे. आपली एडिटर पहिल्या खुणेवरच अडकून होती. दुसरी तिला स्वभावातला बिघाड वाटत होती आणि तिसरी म्हणजे तर तिच्या मते निव्वळ वस्तुस्थिती होती.

फसलेली सुट्टी

तिने पहिली सुट्टी घेतली दहा दिवसांची. ठरवली चार दिवस आधी. मेलवर आपोआप जाणारं उत्तर लावलं: 'मी अमुक तारखेपर्यंत सुट्टीवर आहे. तातडीचं असल्यास फोन करावा.' लॅपटॉप सोबत घेतला, 'असू दे' म्हणून.

तातडीचं नसलेलं काम कुठल्याच क्लायंटकडे नसतं. दुसऱ्याच दिवशी एकाला उपशीर्षकांत एक नाव बदलून हवं होतं. पाच मिनिटांचं काम. ते करायला प्रोजेक्ट उघडला, फाइली जोडल्या, रेंडर लावला, अपलोड होईपर्यंत थांबली, 'मिळालं का' विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली. दुपार गेली. दहा दिवसांत असं किती वेळा झालं हा मुद्दा गौण आहे. एकदाही झालं नसतं तरी ती फोनकडे बघतच राहिली असती, कारण तो वाजू शकतो हे तिनेच लिहून दिलं होतं.

कामापासून मनाने सुटणं ही ताण उतरण्यातली कळीची गोष्ट आहे, असं या विषयावर बरंच काम केलेल्या मानसशास्त्रज्ञ सबीने झोनेनटाग सांगतात. शार्लट फ्रिट्झ यांच्यासोबत २००७ मध्ये त्यांनी विश्रांतीचा अनुभव मोजायची प्रश्नावली तयार केली. तिचे चार भाग आहेत: मनाने कामापासून सुटणं, सैलावणं, कामाबाहेरचं काही नवं जमू लागणं, आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणं. त्या दहा दिवसांत तिने सैलावण्याचे बरेच प्रयत्न केले. बाकीच्या तीन गोष्टींना जागाच नव्हती.

परतली तर मेलचा ढीग. येसिका डे ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सुट्टीच्या परिणामांवरचे तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. सुट्टीने बरं वाटतं, पण काम सुरू झाल्यावर तो परिणाम लवकरच विरतो, असं त्यांना दिसलं. तिच्या बाबतीत विरायला काही साचलंच नव्हतं. 'सुट्टी घेऊनही बरं वाटलं नाही, म्हणजे मीच आता संपले,' असा निष्कर्ष तिने काढला. अपुऱ्या सुट्टीचा हा सर्वांत वाईट दुष्परिणाम: माणसाचा सुट्टीवरचाच विश्वास उडतो.

तिची एक मैत्रीण साउंडचं काम करते, तीही फ्रीलान्सच. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, तू काम बंद केलं होतंस की फक्त बिलं पाठवणं बंद केलं होतंस?"

या प्रश्नाभोवती दुसरी सुट्टी उभी राहिली. माझ्या मते फ्रीलान्सरला खरं तर तीन वेगवेगळ्या सुट्ट्या लागतात. एक, हातातल्या कामापासून. दुसरी, हाक मारली की 'ओ' देण्यापासून. आणि तिसरी, पुढचं काम मिळवण्यापासून. बहुतेक जण पहिली घेतात, काही दुसरीही घेतात. तिसरी कुणाच्या डोक्यातच येत नाही. नोकरदार सुट्टीवर गेला की त्याची नोकरी जागेवर असते. फ्रीलान्सर सुट्टीवर गेला तरी आपली नोकरी रोज नव्याने मिळवण्याचं काम त्याच्या डोक्यात चालूच असतं.

पैसे नेमके कधी आटतात

या वेळी तिने दोन महिने ठरवले आणि तारीख तीन महिने पुढची धरली. 'दोन महिने कामाविना म्हणजे दोन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायचा' हा तिचा पहिला हिशेब. रक्कम योग्य, वेळ चुकीची. हा भाग जरा सावकाश वाचावा, कारण पुष्कळ जणांची सुट्टी इथे मोडते आणि मोडली ती पैशांमुळे हे त्यांना कळतही नाही.

तिचे क्लायंट बिल गेल्यापासून साधारण पंचेचाळीस दिवसांनी पैसे देत. म्हणजे काम आज थांबलं तरी आधीच्या कामाचे पैसे पुढे दीड महिना येत राहतात. सुट्टीचा पहिला दीड महिना खात्यात नेहमीसारखीच आवक दिसणार. आटणार ती त्यानंतर. दोन महिन्यांनी ती कामाला बसेल, पण त्या कामाचे पैसे पुन्हा दीड महिन्याने. म्हणजे सुट्टी सुरू झाल्यापासून दीड महिना ते साडेतीन महिने हा काळ कोरडा. त्यातले पंधरा दिवस सुट्टीतले आणि उरलेला दीड महिना परत कामाला लागल्यानंतरचा.

त्या दीड महिन्यात माणूस रोज राबतो आणि खातं रोज खाली जातं. सुट्टीने आपलं दिवाळं काढलं असं वाटू लागतं. मग येईल ते काम घ्यायचं, कमी दरात घ्यायचं, रात्री जागून करायचं, आणि दोन महिन्यांत जे कमावलं ते तीन आठवड्यांत घालवायचं. सुट्टीनंतर लोक पुन्हा तसेच का होतात याचं उत्तर मनोबळात शोधण्याआधी एकदा बँकेच्या पासबुकात शोधावं.

शिवाय परतल्यावर पहिला महिना निम्म्याच कामाचा ठेवायचा असेल, तर त्याची तूट आणखी महिनाभर जाणवते. हे सगळं धरून तिने अडीच महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात ठेवायचं ठरवलं. कराची तरतूद त्यात मोजली नाही, आणि आजारपणासाठी ठेवलेल्या पैशांना हात लावला नाही. ते पैसे सुट्टीत मोडले तर सुट्टीभर नवी काळजी सोबत येते.

रक्कम एकदम उभी राहणार नव्हतीच. मिळण्याच्या यादीत पडून असलेली जुनी बिलं तिने आधी पाठपुरावा करून वसूल केली. यात संकोच वाटायचं कारण नव्हतं, पण वाटत होता. दोन मोठ्या खरेद्या पुढे ढकलल्या. आणि परतल्यानंतरच्या पहिल्या कामासाठी एका जुन्या क्लायंटकडून निम्मी रक्कम आगाऊ मागितली. ती सुट्टी संपता संपता खात्यात येईल अशी तारीख ठरवली. कोरड्या काळाच्या पहिल्या टप्प्यातच ती रक्कम पडली. एवढ्या एका व्यवहाराने पुढच्या कित्येक घाईच्या निर्णयांपासून तिला वाचवलं.

ज्यांच्याकडे अडीच महिन्यांचा खर्च नाही त्यांना हे वाचून चीड येईल, आणि ती रास्त आहे. बर्नआउट व्हायला शिल्लक असावी लागत नाही. त्यातून बाहेर पडायला लागते. अशांसाठी दोन महिन्यांपेक्षा दोन आठवडे, पण पूर्ण बंद, हे मला अधिक पटतं. 'महिनाभर रोज अर्धा दिवस काम' हा मधला मार्ग कागदावर बरा दिसतो. प्रत्यक्षात अर्धा दिवस काम आणि उरलेला अर्धा त्या कामाची काळजी असं होतं. अर्धंच करायचं असेल तर दिवस अर्धे करण्यापेक्षा क्लायंट अर्धे करावेत. सर्वांत जास्त छळणाऱ्या दोघांना महिनाभर 'नाही' म्हणणं, हीदेखील एक सुट्टीच आहे.

क्लायंटना काय सांगायचं

कळवायला तिने आठ आठवडे आधी सुरुवात केली. बर्नआउट हा शब्द वापरायचा का, यावर बरीच घालमेल झाली. शेवटी वापरला नाही. लाज वाटावी असं त्यात काही नाही, पण कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते. समोरचा सल्ला देतो, आपली सुट्टी किती गरजेची आहे हे जोखतो, आणि मनात 'हिला पुढे मोठं काम द्यावं का' असाही हिशेब करतो. मालक नसण्याचा एक फायदा हा की कारण सांगावं लागत नाही. तो तिने घेतला. पाठवलेलं पत्र साधारण असं होतं:

'मी अमुक तारखेपासून आठ आठवडे काम बंद ठेवते आहे. या काळात मेल आणि फोन पाहणार नाही. तुमचं सध्याचं काम त्याआधी पूर्ण होईल. त्यासाठी सगळं फुटेज आणि दुरुस्त्या अमुक तारखेपर्यंत माझ्याकडे यायला हव्यात. मधल्या काळात काही निघालं तर सोबत दिलेल्या एडिटरशी थेट बोलावं, त्यांना तुमच्या कामाची कल्पना दिली आहे. परतल्यानंतरची तारीख आत्ताच राखून ठेवायची असेल तर कळवावं.'

यात 'तातडीचं असल्यास' नाही. माफी नाही. शेवटच्या वाक्याने सुट्टीच्या बातमीचं रूपांतर पुढच्या कामाच्या बोलण्यात होतं, आणि दोघांनी खरोखरच तारखा राखल्या.

पर्यायी एडिटरबाबत मात्र ती अडखळली. पहिला बेत असा होता की काम आपल्याच नावावर घ्यायचं, दुसऱ्याकडून करून घ्यायचं आणि मधला फरक आपल्याकडे ठेवायचा. कागदावर यात सुट्टीतही उत्पन्न दिसतं. पण दुसऱ्याचं काम तपासणं, क्लायंटचे निरोप इकडून तिकडे करणं, उशीर झाला की मध्ये उभं राहणं, हे सगळं कामच आहे, आणि एडिटिंगपेक्षा जास्त दमवणारं. तिने ते सोडलं. क्लायंट आणि एडिटर यांची थेट गाठ घालून दिली आणि बाजूला झाली.

याची किंमत मोजावी लागली. एक छोटा क्लायंट परत आला नाही. मोठ्या संस्थेला नवा एडिटर आवडला आणि संस्थेने पुढे काम दोघांत वाटून दिलं. 'सुट्टी घेतली तर क्लायंट जातील' ही भीती खोटी असते असं दिलासा देणारे सांगतात. ती नेहमी खोटी नसते. पण निम्मं उत्पन्न एकाच क्लायंटच्या हाती असणं हाही तिच्या थकव्याचाच एक भाग होता, हे तिला वाटणी झाल्यावर जाणवलं. त्या संस्थेला 'नाही' म्हणायचं धाडस तिच्यात सात वर्षांत आलं नव्हतं. आता ते थोडं परवडू लागलं.

आठ आठवडे

पहिले दिवस झोपेत गेले. त्यानंतर सर्दी-तापाने अंथरूण धरलं. मग आली टोचणी. मंगळवारी दुपारी पुस्तक वाचताना तिच्या मनात आपोआप हिशेब व्हायचा: या दोन तासांचं बिल इतकं झालं असतं. तासावर दर लावून जगणाऱ्यांना हे ओळखीचं असेल. सॅनफर्ड डिव्हो आणि जेफ्री फेफर यांच्या २००७ च्या संशोधनात तासांवर पैसे मिळवणारे लोक आपल्या वेळेकडेही पैशांच्या भाषेत बघू लागतात, असं दिसलं होतं. हा हिशेब थांबवायचा प्रयत्न करून थांबत नाही. तो विरतो, आणि त्याला बरेच दिवस लागतात. दहा दिवसांची सुट्टी का पुरली नाही याचं आणखी एक उत्तर इथे आहे.

अर्धवट राहिलेल्या गोष्टी डोक्यात जास्त रेंगाळतात, असं ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये मांडलं. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी २०११ मध्ये त्यात महत्त्वाची भर घातली: काम पुरं झालेलं नसलं तरी ते कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत आखला, की मनाची ही कुरकुर बरीच कमी होते. एडिटरने निघण्याआधी एक पान लिहून ठेवलं होतं. परतल्यावर पहिल्या दिवशी काय उघडायचं, पहिला फोन कुणाला, कुणाची हार्ड डिस्क कुठल्या कप्प्यात. मध्यरात्री एखादी आठवण दचकवून जागं करायची, तेव्हा 'ते पानावर आहे' एवढं पुरायचं. जे पानावर नव्हतं ते दुसऱ्या दिवशी तिथे लिहून टाकायची.

तिसऱ्या आठवड्यात कंटाळा आला. ही चांगली खूण होती, पण तिने तिचा अर्थ असा लावला की आपण आता ठीक झालो. 'वेळ आहेच तर शोरील नव्याने करू, वेबसाइट नीट करू,' असं म्हणून बसली. (शोरील म्हणजे नवं काम मिळवण्यासाठी दाखवायचा, आपल्या निवडक कामांचा व्हिडिओ.) दुसऱ्या एडिटरांची कामं बघू लागली, कुणाला कुठलं मोठं काम मिळालं ते वाचू लागली. चार दिवसांत छातीतला तो जुना दाब परत आला. एकही क्लायंट नाही, एकही डेडलाइन नाही, आणि तरी दाब. हीच ती तिसरी सुट्टी, जी तिने घेतलेली नव्हती. साउंडवाल्या मैत्रिणीने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "बाई गं, दुकान बंद आहे ना? मग पाटी कशाला रंगवत बसलीस?"

शोरील बंद झालं. ज्या ॲपांवर कामाची माणसं भेटतात ती फोनमधून काढली. त्याऐवजी ती पोहायला शिकू लागली. यामागे काही थोर विचार नव्हता. पण झोनेनटाग ज्याला कामाबाहेरचं काही जमू लागणं म्हणतात ते नेमकं हे. 'माझ्या हातून काही नीट होत नाही' असं म्हणणाऱ्या बाईला रोज दोन हात जास्त जाता येऊ लागलं, आणि त्यात कुणाच्या पसंतीचा प्रश्न नव्हता. शिवाय पाण्यात फोन नेता येत नाही. माझ्या दृष्टीने पोहण्याचा हा गुण इतर कुठल्याही गुणाइतकाच मोठा आहे.

सहाव्या आठवड्यात एका माहितीपटातला एक कट पाहताना तिला वाटलं, हा अर्धा सेकंद आधी हवा होता. अनेक महिन्यांत प्रथमच एखाद्या कटबद्दल तिचं काही मत होतं. तिने ते कुठेही लिहिलं नाही, सुट्टीही लवकर संपवली नाही. हा मोह मोठा असतो. बरं वाटू लागल्यावर उरलेले दिवस वाया जाताहेत असं वाटतं, पण खरी शिल्लक त्याच दिवसांत पडते.

या संदर्भात ग्राफिक डिझायनर स्टेफान साग्माइस्टर यांचं उदाहरण हमखास दिलं जातं. ते दर सात वर्षांनी आपला स्टुडिओ वर्षभर बंद ठेवत, आणि टेड या व्याख्यानमालेतल्या २००९ मधल्या भाषणात त्यांनी त्याविषयी सविस्तर सांगितलं आहे. उदाहरण चांगलं आहे, पण ती सुट्टी आहे प्रयोगांसाठी, वर्षानुवर्षं आधी ठरवून घेतलेली. भाजून निघालेल्या माणसाने तिच्याशी तुलना केली तर 'सुट्टीतून मी काय निर्माण केलं' हा आणखी एक जाच मागे लागतो. एडिटरने दोन महिन्यांत काहीही निर्माण केलं नाही.

परतल्यावर

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी सुझन जॅक्सन यांच्यासोबत १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली दिली. पुढे मायकेल लायटर यांच्यासोबत त्यांनी कामातल्या सहा जागा सांगितल्या, जिथे माणूस आणि काम यांचं जुळेनासं झालं की बर्नआउट वाढतो: कामाचा भार, त्यावरचा ताबा, मोबदला आणि दखल, सोबतीची माणसं, न्याय्य वागणूक, आणि मूल्यं. समुपदेशकाने ही यादी समोर ठेवली तेव्हा तिने भारावर बोट ठेवायला हात पुढे केला आणि ताब्यावर ठेवलं. तास फार होते हे खरं. पण ते तास कधी येतील हे तिच्या हातात नव्हतं, याने ती जास्त झिजली होती.

म्हणून बदल केले ते बहुतेक ताब्यापुरते. करारात दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, तिसरीपासून वेगळे पैसे. निरोपांना उत्तर दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी. एका क्लायंटचं काम महिन्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. मोठ्या संस्थेने काम वाटून टाकल्यामुळे हे आपोआपच जमलं. दर वाढवला, पण फक्त नव्या क्लायंटसाठी. जुन्यांना सांगायची हिंमत अजून व्हायची आहे. सोबतीची माणसं ही जागा रिकामी होती, म्हणून मैत्रिणीसोबत आठवड्यातला एक दिवस एकाच खोलीत बसून आपापलं काम करायचं ठरलं. हा बदल वाटला त्याहून जास्त टिकला.

पहिल्या महिन्यात ठरल्याप्रमाणे निम्मंच काम घेतलं. कोरडा काळ अपेक्षेप्रमाणे आला. त्यात एका ओळखीच्या माणसाने पाच दिवसांत दहा व्हिडिओ मागितले, दुप्पट पैसे देऊ केले, आणि तिचा हात जवळजवळ 'हो' टाइप करून बसला होता. वेगळ्या खात्यातली शिल्लक तिने एकदा पाहिली, दोन महिन्यांचा खर्च अजून होता, आणि नकार कळवला. त्या माणसाने पुन्हा काम दिलेलं नाही.

वर्षअखेरीस तिचं उत्पन्न आधीपेक्षा साधारण पंचमांशाने कमी आहे. दुरुस्त्यांची अट वाचून एक नवा क्लायंट निघून गेला, दुसऱ्याने काहीही न बोलता सही केली. टाइमलाइनसमोर नुसतं बसून राहण्याचे दिवस अजूनही येतात. त्या दिवशी ती फाइलींची नावं लावते, बिलं पाठवते आणि उठते. पुढच्या सुट्टीचे तीन आठवडे कॅलेंडरवर ठेवलेले आहेत आणि प्रत्येक नव्या करारात त्या तारखा लिहिलेल्या असतात. प्रत्येक बिलातला दहावा हिस्सा सुट्टीच्या खात्यात जातो. या गतीने ते खातं पूर्ववत भरायला दीड वर्षाहून थोडा जास्त वेळ लागेल.